मनगट लोंबतंय, ऑक्सिजन द्यायचा की करंट?

न्यूरो रिहॅबमध्ये रुजू झालात की रिस्ट ड्रॉपचा, म्हणजे मनगट वर उचलता न येणारा, पेशंट लवकरच समोर येईल. बाइकवरून पडून दंडाचं हाड मोडलेलं, रेडिअल नर्व्ह (मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंची नस) दुखावलेली. नातेवाईक हमखास विचारतात, "ऑक्सिजन आणि करंट दोन्ही दिलं तर लवकर बरं होईल ना?" खरं सांगा. नर्व्ह दिवसाला साधारण १ मिमी वाढते, आणि त्यापेक्षा वेगाने वाढवण्याची हमी कुठलंच मशीन देत नाही.

हायपरबेरिक चेंबरमध्ये (हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत) २ ते २.५ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली घेतलेला शुद्ध ऑक्सिजन प्लाझ्मात विरघळून, सुजेमुळे रक्त कमी पोचतं त्या भागालाही मिळतो. क्रश इंज्युरीत (अवयव चिरडला गेला असेल तर) त्याला मान्यता आहे, तीही लवकर सुरू केला तर. नुसत्या नर्व्हसाठीचा पुरावा अजून बराचसा उंदरांवरचाच आहे. पेशंटने पैसे भरण्याआधी हे त्याला कळायलाच हवं.

करंट द्यायचा तो स्नायू कमी सुकावा म्हणून. यावरही एकमत नाही, पण मी देते, नीट तपासून. दुखापतीनंतर साधारण ३ आठवड्यांनी ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नर्व्हची विद्युत तपासणी) करून घ्या. नर्व्हचा संबंध तुटलेल्या स्नायूवर फॅराडिक (अगदी छोट्या पल्सचा करंट) लावून इंटेन्सिटी वाढवत बसू नका. १ मिलिसेकंदाचा पल्स त्याला पुरत नाही, १०० किंवा जास्त लागतो. इंटरप्टेड गॅल्व्हॅनिक (थांबून थांबून दिलेला, लांब पल्सचा करंट), ट्रँग्युलर म्हणजे हळूहळू चढणारा पल्स ठेवा, म्हणजे शेजारचे धडधाकट स्नायू मध्ये येत नाहीत. मग हाताकडे नीट बघा. मनगटाला झटका बसत नाही, कातडीखाली अळी सरकावी तसा स्नायू हळू गोळा होतो आणि हळूच सैल पडतो. पॅड पूर्ण ओले हवेत आणि संवेदना आधी तपासलेली हवी, गॅल्व्हॅनिकने कातडी भाजते.

दोन्ही उपचार 'एकत्र' म्हणजे एकाच वेळी नव्हे. स्टिम्युलेटर चेंबरमध्ये कधीच न्यायचा नाही, आग लागू शकते. मोबाइल नको, केसांना तेल नको, कपडे सुतीच. अपघाताचा पेशंट असेल तर छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय आत पाठवू देऊ नका. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठलेली) असेल तर जिवावर बेतेल.

बाकी वेळ कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर उचलून धरणारी पट्टी), आणि बोटांचे सांधे रोज हलवणं. यात कुचराई झाली तर वरचं सगळं वाया जातं.

नर्व्ह परत येताना बहुधा ब्रॅकिओरेडिअ‍ॅलिस (कोपर वाकवणारा, अंगठ्याच्या बाजूचा स्नायू) आधी जागा होतो. अंगठा वर ठेवून कोपर वाकवायला सांगा आणि तिथे चाचपून बघा. तीन-चार महिन्यांतही चाचपून काही जाणवलं नाही, ईएमजीतही हालचाल नाही, तर आणखी सिटिंग्ज देत बसू नका, हँड सर्जनकडे पाठवा. १२ ते १८ महिने उलटले की नर्व्ह पोचूनही स्नायू सहसा साथ देत नाही.