नागपुरात नवी मंडळी सुरू करताना या चुका टाळा

नागपूर चारही बाजूंनी वाढले, पण आपल्या बहुतेक जुन्या मंडळ्या, म्हणजे चर्च, सदर, सीताबर्डी, मेकोसाबाग, कामठी याच भागांत राहिल्या. विश्वासणारी कुटुंबे मात्र बेसा, वाडी, हिंगणा, बुटीबोरीकडे राहायला गेली. बुटीबोरीत भाड्याच्या खोलीत राहणारे जोडपे दोन लेकरांना दुचाकीवर बसवून तीसेक किलोमीटर दूर सदरला उपासनेला येते. आधी दर रविवारी येते, मग फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी, आणि शेवटी नाताळ-ईस्टरला. एमआयडीसीत सगळ्यांची सुट्टी रविवारीच असते असेही नाही. त्यांच्या शेजारी ज्यांनी सुवार्ता कधी ऐकलीच नाही, त्यांना तर कुणाला विचारावे हेही माहीत नसते.

नागपूरचे सुरुवातीचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना 1863 साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात मरण आले. ते टाकळघाट या बुटीबोरीला लागूनच आहे. आज तिथे हजारो कामगार राहतात. त्यांच्यासाठी चालत जाता येईल अशी मंडळी हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. काळजी वाटते ती सुरुवात करण्याच्या पद्धतीची. उत्साहात उघडलेली उपासना दोन वर्षांत बंद पडली, तर तिथले नवे विश्वासणारे पुन्हा कुणावर सहजासहजी भरवसा ठेवत नाहीत.

भांडणातून निघालेली मंडळी

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मंडळीच्या वडिलांशी (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांशी) पटले नाही, मंडळीच्या निवडणुकीत हरलो, पाळकाची (पास्टरची) बदली आवडली नाही, की आठ-दहा कुटुंबे बाहेर पडतात, दोन गल्ल्या सोडून हॉल घेतात आणि नवा फलक लावतात. आकडा वाढल्यासारखा दिसतो, पण प्रभूच्या राज्यात एक माणूसही वाढलेला नसतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळे चर्चसंघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, ते याच नागपुरात. त्या शहरात आपण रागाच्या भरात फलक वाढवत राहावे, याचे मनापासून दुःख होते.

बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय पाहा. अंत्युखियाच्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली आणि आपले सर्वांत कसलेले दोन सेवक, बर्णबा आणि शौल, हात ठेवून पाठवले. नव्या मंडळीचा खरा खर्च तो आहे. संडे स्कूल सांभाळणारी ताई, तबला वाजवणारा मुलगा, हिशेब चोख ठेवणारे काका द्यावे लागतात. रिकाम्या झालेल्या खुर्च्या पाहून जुन्या मंडळीलाही जड जाते. ती तयार नसेल, तर थांबा आणि आधी तिच्याशी बोला. जिथे जायचे आहे तिथे दुसरी मंडळी चालू असेल, तर तिच्या पाळकांना भेटल्याशिवाय पहिली सभा घेऊ नका. त्यांच्याकडचा सभासद तुमच्याकडे आला, तर त्यांना फोन करून कळवा.

हिशेब न करता हॉल घेणे

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. तसा अंदाज घेऊ. दहा कमावत्या कुटुंबांनी इमानदारीने दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दिला, तर जमणारी रक्कम त्यांच्यापैकी एका सरासरी कुटुंबाच्या कमाईइतकी होते. त्यात पाळकाचे घर जेमतेम चालेल. हॉलचे भाडे, डिपॉझिट, लाइट बिल, सतरंज्या, साउंड, मुलांची पुस्तके वेगळी. शिवाय सगळी कुटुंबे दशमांश देत नाहीत, हे प्रत्येक खजिनदाराला ठाऊक आहे. मग पाच कुटुंबांच्या जिवावर पूर्णवेळ पाळक नेमणे म्हणजे त्याच्या बायकोने किराणा उधार आणणे.

‘आम्ही विश्वासाने चालतो’ हे वाक्य पाळकाने स्वतःबद्दल म्हणावे. मंडळीने ते त्याचे मानधन न ठरवण्यासाठी वापरू नये. लेकरांची फी, पेट्रोल, दवाखाना हे सगळे धरून आकडा आधी कागदावर लिहा. मूळ मंडळीने पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी अर्धा, तिसऱ्या वर्षी पाव भार उचलायचा, असे काहीतरी लेखी ठरले पाहिजे. नाहीतर पाळकाने नोकरी करून सेवा करावी. प्रेषित पौल तंबू शिवत होता, त्यात कमीपणा काहीच नाही.

पहिले वर्ष घरातच काढा. हॉल घेतलाच, तर उन्हाळ्याचा विचार करून घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी दोन कूलर लावूनही म्हातारी माणसे बसू शकत नाहीत. त्याच महिन्यात निम्मी मंडळी गावाला गेलेली असते. सुरुवात दसऱ्यानंतर करावी, निदान पुढचे चार-पाच महिने हवा साथ देते.

बाहेरच्या पैशाची आशा

परदेशातून कुणीतरी मदत करेल, या भरवशावर बरीच कामे सुरू होतात. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. मंडळीच्या कामासाठी पाळकाच्या वैयक्तिक खात्यावर परदेशातून पैसे मागवणे तर सरळ अंगाशी येते. मुठीएवढे अर्पण असले तरी ते आपल्या लोकांचे असू द्या.

ट्रस्ट करताना नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा खजिनदार असे करू नका. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करा, दरवर्षी ऑडिट करा, विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. अर्पणपेटी दोघांनी मिळून मोजा आणि रक्कम त्याच दिवशी वहीत लिहा.

शेजारी, आजारी आणि नवे विश्वासणारे

पहिल्या रविवारीच शेजारच्यांना साउंड बॉक्समधून कळावे की इथे प्रार्थना होते, ही पद्धत चुकीची. आधी जाऊन भेटा. घरमालकाला जागा कशासाठी हवी ते स्पष्ट सांगा आणि करारातही लिहा. तक्रारी बहुधा आवाज, आडव्या लावलेल्या गाड्या आणि जिन्यात पडलेल्या चपलांच्या ढिगावरून सुरू होतात. एका भावाला दारात उभे करून चपला एका बाजूला लावून घेतल्या, तरी अर्धा राग कमी होतो. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे. छोट्या हॉलला माइक लागतोच कशाला?

आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. बरे होण्याची हमी देणारे पोस्टर छापू नका. रेशन वाटायचे तर ते गरजूंना द्या, उपासनेला येण्याशी जोडू नका. आईवडिलांच्या परवानगीशिवाय त्यांची मुले बोलावू नका.

बाप्तिस्मा घेतल्याने काय गमवावे लागेल, ते आधीच सांगा. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. नागपुरात हा प्रश्न घराघरांत पोहोचतो. कागदावर एक धर्म आणि जगण्यात दुसरा, असा सल्ला कोणत्याही पाळकाने देऊ नये. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात लाभ नाकारला आहे. सौंसर, छिंदवाड्याकडे सेवेला जात असाल, तर मध्य प्रदेशचा धर्मांतराविषयीचा 2021 चा कायदा वकिलाकडून समजून घ्या.

भाषेचेही पाहा. तरुणांना हिंदी गीते आवडतात, पण खेड्यातून आलेल्या आजीला नारायण वामन टिळकांचे पद लागले की ती डोळे मिटून पूर्ण म्हणते. दोघांनाही जागा द्या. संदेश रोजच्या मराठीत द्या.

एवढे करूनही मंडळी उभी राहिली नाही, तर? दोन वर्षांनी मूळ मंडळीच्या वडिलांसोबत बसून उघडपणे पाहा: स्थानिक कुटुंबे किती, वचन शिकवू शकणारे नवे लोक किती, भाडे कोण भरते. उत्तरे पोकळ असतील तर हॉल सोडा, पण घरची प्रार्थना चालू ठेवा. पाळकाची पुढची सोय आधी करा, मगच सभेत निर्णय जाहीर करा.