सीईटीचा सराव: सोल्यूशनचा व्हिडिओ कधी उघडायचा

एमएचटी-सीईटी या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेतल्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपचा पॅटर्न ती देणाऱ्या सगळ्यांना पाठ असतो. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, मॅथ्सचे 50 प्रश्न वेगळ्या 90 मिनिटांत. तरीही वर्षभर एकही ऑनलाइन लेक्चर न चुकवलेली मुलं पहिल्याच फुल मॉकमध्ये, म्हणजे पूर्ण पेपरच्या सराव परीक्षेत, कोसळतात. बहुतेकदा त्यांनी गणितं सोडवलेली नसतात, सोडवताना पाहिलेली असतात.

हे स्वतःच्या लक्षात येत नाही, हीच खरी पंचाईत. प्रश्न वाचला, अर्धा मिनिट विचार केला, सुचलं नाही, सोल्यूशन उघडलं. सरांनी पहिली ओळ लिहिली आणि वाटलं, अरे हो, हेच की! पुढचं सगळं ओळखीचं निघतं, म्हणून 'झालं' अशी खूण करून आपण पुढच्या प्रश्नावर जातो. पण अवघड असते ती पहिली ओळच, आणि ती सरांनी लिहिलेली असते.

इंटिग्रेशनमधली तीन गणितं घ्या. तिन्हींच्या छेदात एक्स वर्ग अधिक एक. अंशात एक्स असेल तर सब्स्टिट्यूशन, उत्तरात लॉग येतो. अंशात नुसता एक असेल तर थेट टॅन इन्व्हर्स. अंशात एक्स वर्ग असेल तर आधी एक मिळवून एक वजा करायचा, उत्तर एक्स वजा टॅन इन्व्हर्स एक्स. पुस्तकात सब्स्टिट्यूशनच्या स्वाध्यायात सगळी गणितं सब्स्टिट्यूशनचीच असतात, त्यामुळे पद्धत ओळखायचं काम तुम्हाला कधी पडतच नाही. पेपरात मात्र आधी तेच करावं लागतं.

म्हणून धडा संपला की सराव मिसळून करा. मॅथ्सचे 20 प्रश्न, चार वेगवेगळ्या धड्यांतले, त्यात एक धडा अकरावीचा, कारण साधारण 20 टक्के पेपर अकरावीवर असतो. वेळ 36 मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या 20 प्रश्नांना 18 मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, प्रश्न कागदावर किंवा प्रिंटवर. सुरुवातीला मार्क धाडकन खाली येतील. घाबरू नका. धड्यानुसार सोडवताना मिळणारे मार्कच फसवे होते.

अडलेल्या प्रश्नाला वेळ संपल्यावर आणखी पाच मिनिटं द्या आणि काय दिलंय, काय काढायचंय, कुठे थांबलो, हे कागदावर लिहा. मग व्हिडिओ लावा, पण फक्त अडलेली पायरी कळेपर्यंत. तिथेच तो बंद करून उरलेलं स्वतः पूर्ण करा. प्रश्न चुकांच्या वहीत उतरवा आणि शेजारी कारण लिहा: संकल्पनाच कळली नाही, पद्धत सुचली नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्न घाईत वाचला. नुसतं 'सिली मिस्टेक' लिहिलंत तर त्या वहीचा काही उपयोग नाही. तोच प्रश्न दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. तिन्ही वेळा जमला तरच खोडा.

लेक्चर दीडपट वेगाने ऐकायला हरकत नाही. मात्र सरांनी उदाहरण फळ्यावर लिहिलं की पॉज दाबायचा आणि आधी स्वतः करून बघायचं. त्यामुळे तासाचं लेक्चर दीड तास चालेल. चालू द्या, ती अर्ध्या तासाची भर हाच खरा अभ्यास आहे.

ट्रिक्सबद्दल माझं मत कडक आहे. पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून इंटिग्रेशनचं उत्तर ताडून पाहणं चांगलंच, पण मूळ पद्धत हातात बसल्यावर. ज्याला फक्त ट्रिक येते, तो पर्याय थोडे वेगळ्या रूपात दिले की अडकतो. आणि डाउटचा फोटो पाठवताच पूर्ण उत्तर धाडणाऱ्या मेंटरपेक्षा 'तू कुठपर्यंत आलास, ते दाखव' म्हणणारा शोधा. तो सुरुवातीला रुक्ष वाटतो, पण टिकून राहा.

फुल मॉक मात्र कॉम्प्युटरवरच द्या, परीक्षाही तशीच असते. छापील कागदावर दिलेल्या मॉकमध्ये स्क्रीनवरून रफ कागदावर आकडे उतरवताना होणाऱ्या चुका कळतच नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना पर्याय निवडा, एकही कोरा ठेवू नका. मात्र अंदाजाने मारलेल्या प्रत्येक प्रश्नाचा नंबर रफ कागदावर लिहून ठेवा. त्यातले जे बरोबर आले, तेही चुकांच्या वहीतच जातात.