हस्त सरला, चित्रा लागली: उघडिपीच्या आठवड्यात आधी काय उरकावं

दसऱ्याच्या आगेमागे मराठवाड्यात एक निवांत आठवडा येतो. पहाटे दव, दिवसभर लख्ख ऊन, वारा पडलेला, आणि थंडीचा अजून पत्ता नसतो. हवा सुखाची असली तरी शेतकऱ्याला उसंत नसते. सोयाबीन पिवळं होऊन उभं असतं, ज्वारी-हरभऱ्यासाठी रान मोकळं करायचं असतं आणि मजूर सगळ्यांनाच एका दिवशी हवे असतात. या दिवसांत दोन ओलींकडे लक्ष हवं. दाण्यातली ओल काढायची आहे आणि मातीतली राखायची आहे. एकच ऊन दोन्हीवर पडतं, म्हणून कामांचा क्रम चुकवू नका.

आधी हवामान. मान्सूनची परतीची वाट सर्वसाधारणपणे 17 सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरू होते. मुंबईतून तो 8 ऑक्टोबरच्या आसपास आणि संपूर्ण देशातून 15 ऑक्टोबरपर्यंत निघतो. या सरासरी तारखा आहेत, दरवर्षी थोडं मागेपुढे होतंच. राजस्थानच्या बाजूने पाऊस सलग पाच दिवस थांबला, हवेतला दमटपणा घटला आणि खालच्या थरात वाऱ्यांची दिशा उलटली, की हवामान विभाग माघार सुरू झाल्याचं जाहीर करतो. पण मान्सून गेला म्हणजे पाऊस गेला, असं धरून चालू नका. ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि त्यांचा ओलावा विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पोचतो. शिवाय जमीन ओली आणि ऊन कडक असलं की दुपारनंतर जागच्या जागी ढग वाढतात आणि तास-दोन तासांत विजांसह सर येऊन जाते. शेजारच्या शिवारात थेंब नसतो आणि आपली गंजी, म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग, भिजते. म्हणून सकाळच्या निरभ्र आभाळावर दिवसभराचा भरवसा टाकू नये.

सोयाबीन हे या आठवड्यातलं पहिलं काम. पानं गळून 90 ते 95 टक्के शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या, की कापणीला हात घाला. जेएस-335 सारखा लवकर येणारा आणि शेंग फुटणारा वाण आधी कापा. एमएयूएस-158 शेंग फुटण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यामुळे दोन्ही वाण असतील तर तो मागे ठेवता येतो. केडीएस-726 तर तसाही उशिरा येतो. कापणी सकाळी, शेंगा थोड्या नरम असताना करावी. भर उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर सांडतात.

माझं ठाम मत असं, की संध्याकाळपर्यंत गोळा करून झाकता येईल तेवढंच कापावं. उक्त्याने, म्हणजे ठराविक रकमेच्या ठेक्याने, टोळी मिळाली म्हणून पाच एकर एका दिवसात आडवं करायचं आणि ताडपत्री मात्र एका एकराची, यात दरवर्षी मोठं नुकसान होतं. उभं पीक एखादी सर सोसतं. कापून जमिनीला टेकलेलं पीक सोसत नाही. शेंगा काळ्या पडतात, बुरशी धरते, दाण्याला जागेवर मोड येतात. गंजी उंचवट्यावर लावा, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्या) पसरा, भोवती चर काढा. ताडपत्री रात्री दवासाठी आणि पाऊस दिसल्यावर हवीच, पण सकाळी ऊन वर आलं की ती काढा. आत वाफ कोंडली तर गंजी गरम होते आणि पावसात न भिजलेला मालही खराब होतो. भिजलाच, तर गंजी मोडून पातळ पसरा, दोन-तीनदा उलटवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय हडंबा (मळणी यंत्र) बोलावू नका.

मळणीच्या वेळी दाण्यात 13 ते 14 टक्के ओलावा असावा. मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा. कटकन फुटला तर ठीक, चेपला तर आणखी एक ऊन द्या. घरचं बियाणं धरणार असाल तर त्या ढिगाची मळणी वेगळी आणि सावकाश करा. यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 ठेवा, कारण सोयाबीनची साल फार नाजूक असते आणि आतला अंकुर अगदी सालीलगत असतो. फटका बसलेला दाणा दिसायला चांगला असला तरी जूनमध्ये उगवत नाही. बियाण्याच्या पोत्यांची थप्पी चार-पाचच्या वर नको आणि खाली लाकडी फळ्या हव्यात.

विक्रीचा हिशेबही याच आठवड्यात होतो, कारण दिवाळीचा खर्च समोर असतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, पण दरवर्षी तसं होईल हे गृहीत धरू नका. 16 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 12 टक्क्यांपर्यंत वाळवला तर साधारण साडेचार किलो वजन कमी होतं. ते पाण्याचं वजन आहे. व्यापारी ओलाव्यापोटी जी कट लावतो ती या साडेचार किलोच्या किमतीहून जास्त असेल, तर दोन दिवस अंगणात माल वाळवणं फायद्याचंच. घाई अडचणीपोटी होते हे मला माहीत आहे. म्हणून गरजेपुरती चार पोती विका, सगळा ढीग एकदम बाजारात नेऊ नका.

आता मातीतली ओल. सोयाबीन निघालं की ते रान उघडं पडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात काळी जमीन भराभर सुकून भेगाळते. कोरडवाहूत नांगरट करू नका. नांगराने खालची ओल वर येते आणि उडून जाते, वर ढेकळं निघतात ती वेगळीच. कुळवाची एक हलकी पाळी पुरे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहा: मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, आणि कंबरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटावा. गोळा नुसता चपटा झाला तर एक-दोन दिवस थांबा. मूठ उघडताच माती सुटली तर थांबण्यात अर्थ नाही, पाभर (पेरणीचं अवजार) घेऊन निघा.

रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात व्हावी, म्हणजे हा आठवडा शेवटच्या टप्प्यातला आहे. जमीन बघून वाण घ्या. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम रानात फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मालदांडी, आणि भारी रानात फुले वसुधा किंवा परभणी ज्योती. एकरी चार किलो बियाणं, दोन ओळींत 45 सेंटीमीटर. काणी (कणसाचा बुरशीजन्य रोग) रोखण्यासाठी 300 मेश, म्हणजे अगदी बारीक भुकटीचं, गंधक किलोला 4 ग्रॅम चोळा. हे काम पाच मिनिटांचं आणि स्वस्त, तरी ते टाळलं जातं आणि मग कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघते. पेरणीनंतर कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं, हेच कोरडवाहूचं पाणी: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासाच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने. शेवटच्या वेळी भेगा बुजतात आणि खालची ओल आतच राहते.

कोरडवाहू हरभराही याच दिवसांतला, साधारण 10 ऑक्टोबरपर्यंतचा. पाण्याची सोय असेल तर घाई नको, 20 ऑक्टोबरनंतर पेरा. मर रोगाचं रान असेल तर ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला 5 ग्रॅम लावल्याशिवाय दाणा जमिनीत टाकू नका. रासायनिक प्रक्रिया करणार असाल तर क्रम पाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर सावलीत. यंत्राने काढणी करायची असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम सोयीचा.

कपाशीत या हवेला दोन गोष्टी पाहा. पाणी साचलेल्या रानात अचानक ऊन पडलं की झाडं उभ्या उभ्या मान टाकतात, ही आकस्मिक मर. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. साचलेलं पाणी लगेच काढा, आणि 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश व 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून झाडाच्या बुडाशी आळवणी करा. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे) असतीलच. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. मिटलेल्या डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसतील तिथे तोडून नष्ट करा. वेचणी दव उडाल्यावरच करावी, ओला कापूस घरात पिवळा पडतो.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी एकच सूचना. गोडी छाटणी (फळांसाठी होणारी ऑक्टोबरची छाटणी) सगळ्या बागेची एकदम न करता टप्प्याने करा. कोवळी फूट असताना पाऊस आला की डाऊनी (केवडा) रोग हाताबाहेर जातो, आणि तेव्हा सगळीच बाग त्या अवस्थेत नसावी. कोकणात हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात तयार असतं. लोंबीतले 80 ते 90 टक्के दाणे पिकले की वैभव विळ्याने (दातेरी विळा) जमिनीलगत कापा. पिकलेल्या लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी याच वेळी येते, ती रात्री खाते, म्हणून संध्याकाळी बांधावरून एक फेरी मारा.

शेवटी विजांबद्दल, कारण ऑक्टोबरातल्या दुपारच्या ढगांनी शेतात माणसं दगावतात. कापणीला आलेली बायामाणसं ढग गडगडला की झाडाखाली धावतात, तिथेच धोका सर्वांत जास्त. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप गावातल्या एकाच्या तरी मोबाइलवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की विळे, पाभर, ट्रॅक्टर सोडून पक्क्या घरात जा. घर जवळ नसेल तर एकटं झाड, विजेचा खांब आणि तारेचं कुंपण टाळून सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आणि एकमेकांपासून लांब बसा. टोळीशी सकाळीच बोलून ठेवा: काम लवकर सुरू करायचं, दुपारी दोनपर्यंत कापणी आटोपायची, त्यानंतर फक्त गोळा करायचं आणि झाकायचं. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो; तो वाचूनच पुढच्या तीन-चार दिवसांचे मजूर सांगा.