श्वासागणिक एक फांदी: झाड, श्वास आणि देह रेखाटताना या चुका टाळा

मी ध्यान म्हणून शाईने चित्रं काढते: एका श्वासाला एक रेघ, त्यातून झाड, फांद्यांसारखं फुटत जाणारं फुफ्फुस आणि पावलांना मुळं फुटलेला देह. माझ्या पहिल्या वहीत जवळजवळ प्रत्येक फांदीच्या टोकाशी शाईचा ठिपका आहे. शाई बदलून पाहिली, निब बदलून पाहिली, ठिपका जाईना. रेघ नीट यावी म्हणून मी श्वास रोखत होते आणि तो सुटेपर्यंत निब कागदावर टेकलेली राहत होती.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सुईत दोरा ओवताना आपण आपसूक श्वास धरतो, तीच सवय इथे येते. श्वास घेताना निब वर उचला, सोडताना रेघ ओढा. श्वास संपला की रेघ संपली, फांदी अर्धी राहिली तरी चालेल. पुढच्या श्वासाला तिथूनच फुटवा काढा. रेघा लहानमोठ्या येतील, येऊ द्या. त्या सारख्या करण्यासाठी श्वास ताणलात तर ध्यान सुटलं आणि नुसती कसरत उरली. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दहा मिनिटांत शंभराहून जास्त रेघा सहज होतात. घाई कशाला?

डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या, तर तुम्ही मुद्दाम खोल आणि भराभर श्वास घेताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. निब खाली ठेवा, श्वास त्याच्या चालीने चालू द्या.

दुसरी चूक म्हणजे आठवणीतलं झाड. त्यात प्रत्येक फाटा गलोलीच्या बेचक्यासारखा, दोन्ही बाजूंना सारखा येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर किंवा पळसाखाली उभं राहून वर पाहा. पानं झडलेली असतात, सांगाडा उघडा दिसतो. एक फांदी जाड, दुसरी बारीक. लिओनार्दो दा विंचीने नोंदवलंय की फुटलेल्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती साधारण खोडाइतकी भरते. फाटा फुटल्यावरही रेघ तितकीच जाड ठेवली, की झाड तारेचं वाटतं.

फुफ्फुसाचंही तसंच. श्वासनलिकेचा उजवा फाटा जास्त रुंद आणि उभा असतो, डावा जास्त तिरका. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा लागते. अर्धं काढून आरशासारखं उलटवलेलं फुफ्फुस स्टिकरसारखं दिसतं, मग त्यावर कितीही पानं काढा. श्वासमार्गाला सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. आपल्याला पाच-सहा पुरेत, पुढे निबच जाड पडते.

देह काढताना कणा खांबासारखा सरळ ओढू नका. बाजूने पाहिला तर त्याला बाक असतात. पावलांतून खाली भाल्यासारखी मुळंही नकोत. झाडाची बहुतेक मुळं मातीच्या वरच्या थरातच आडवी, पार फांद्यांच्या घेराबाहेर पसरतात. अनवाणी उभं राहा, वजन टाच आणि चवड्यावर कसं वाटलं जातं ते जाणवू द्या, मग तळवे काढा.

कागदाचं थोडक्यात: झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुढचा घ्या. खरखरीत हातकागदावर निब तंतूत अडकते, तिथे ब्रश बरा.

आणि ठिपका पडलाच, तर खरवडू नका. कागदाचे तंतू सुटतात आणि तिथे शाई आणखी पसरते. तो वाळू द्या, वडाचं झाड समजा आणि पुढच्या श्वासाला तिथून पारंबी सोडा.