दक्षिण युरोपातील आलिशान सुटी: आधी महिना, मग मुक्काम, हॉटेल त्यानंतर

इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस किंवा फ्रान्सचा दक्षिण किनारा येथे सढळ हाताने खर्च करून सुटी घालवायची ठरले, की बहुतेक जण सर्वप्रथम हॉटेलांची छायाचित्रे पाहू लागतात. हा क्रम उलटा आहे. महिना चुकला तर सर्वांत महागडी खोलीही फारशी कामास येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनमधील सेव्हिल आणि कॉर्डोबा येथे पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्सची अ‍ॅक्रोपोलिस ही टेकडीवरील प्राचीन वास्तू ऐन दुपारी बंद ठेवावी लागली आहे. आणि ग्रीसलगतच्या एजियन समुद्रात याच दिवसांत मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा असा सुटतो, की बोटींच्या फेऱ्या रद्द होतात. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास इटलीच्या शहरांतील अनेक चांगली उपाहारगृहे बंद असतात आणि किनाऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ किंवा सप्टेंबर निवडावा. दोहोंत माझे मत सप्टेंबरच्या बाजूने आहे, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा जूनच्या सुरुवातीपेक्षा उबदार असतो आणि पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालू असते. नोव्हेंबरनंतर अमाल्फी किनारा आणि ग्रीक बेटांवरील बरीचशी हॉटेले वसंतापर्यंत बंद असतात. हिवाळ्यातच जायचे असेल तर रोम, सेव्हिल, लिस्बन अशी शहरे पाहावीत.

दहा दिवसांच्या सुटीत दोन, फार तर तीन मुक्काम ठेवावेत. प्रत्येक स्थलांतरात सामान भरणे, प्रवास आणि नव्या ठिकाणी खोली तयार होण्याची वाट पाहणे यांत निम्मा दिवस जातो, आणि हा निम्मा दिवस कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे विमान तिकीट घेतले, की उलटा फेरा वाचतो. मधल्या टप्प्यासाठी विमानापेक्षा वेगवान रेल्वे बरी. रोम ते फ्लोरेन्स सुमारे दीड तास, माद्रिद ते सेव्हिल सुमारे अडीच तास लागतात आणि रेल्वे थेट शहराच्या मध्यभागी आणून सोडते.

मग हॉटेल. येथे ताऱ्यांपेक्षा खोलीकडे पाहावे. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरील ओइया किंवा इमेरोविग्ली या गावांत कड्याच्या ज्वालामुखीय खडकात कोरलेल्या गुहेसारख्या खोल्यांना मोठी मागणी असते. पण मोटार वरच्या रस्त्यापर्यंतच येते आणि तेथून खोलीपर्यंत ओबडधोबड, उंच पायऱ्यांची लांब रांग उतरावी लागते. सामान हमाल खांद्यावरून नेतो, गुडघे मात्र आपलेच असतात. शिवाय तेथील गच्च्या एकाखाली एक अशा उतरत गेलेल्या असल्यामुळे ‘खासगी जलतरण तलाव’ म्हणून घेतलेल्या खोलीत वरच्या गच्चीवरच्या पाहुण्यांची नजर सरळ पाण्यावर पडू शकते. त्यामुळे आरक्षणापूर्वी हॉटेलला पत्र लिहून पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, गच्ची वरून दिसते का आणि खिडकी नेमकी कोणत्या दिशेला आहे, हे विचारून घ्यावे. उलट उदाहरण स्पेनमधील ग्रॅनडाचे. १९२८ पासून चालत आलेल्या स्पॅनिश सरकारी पॅराडोर हॉटेलांपैकी तेथील एक अल्हाम्ब्रा या मध्ययुगीन किल्ला-राजवाड्याच्या आवारातच, जुन्या मठाच्या इमारतीत आहे. त्याला तारे चारच आहेत, परंतु दिवसभराची गर्दी ओसरल्यावर त्या परिसरात राहण्याचे सुख शहरातल्या पंचतारांकित हॉटेलात मिळत नाही. निवासावरील कर बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो, तोही हिशेबात धरावा: रोममधील पंचतारांकित हॉटेलात तो दर माणशी दर रात्री १० युरो आहे, तर ग्रीसमध्ये त्याच दर्जाच्या खोलीला एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दर रात्री १५ युरो.

काही ठिकाणी पैशांपेक्षा घाई कामी येते. मिलानमध्ये लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र पाहण्यासाठी छोट्या गटांना अवघी १५ मिनिटे मिळतात, रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात दोन तासांची ठरावीक वेळ घ्यावी लागते, आणि अल्हाम्ब्रातील नासरी महालांचे तिकीट नाव, ओळखपत्र आणि प्रवेशाची वेळ यांना बांधलेले असते. ही तिकिटे हाती आल्यावरच बाकीचे दिवस आखावेत. परवानाधारक खासगी मार्गदर्शकही त्याच वेळी ठरवावा. माझ्या मते साऱ्या सहलीत हा खर्च सर्वाधिक सार्थकी लागतो.

कर्मचाऱ्यांसह नौका भाड्याने घेणार असाल, तर जाहिरातीतील रक्कम हा केवळ पाया असतो. भूमध्य समुद्रात ती सहसा आठवड्याच्या हिशेबाने असते आणि तीत इंधन, खाद्यपेये, बंदराचे शुल्क धरलेले नसते. त्यांसाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ द्यावी लागते. म्हणजे भाडे ५०,००० युरो असेल तर आणखी सुमारे १५,००० युरो कप्तानाच्या हाती आधीच जातात. तो त्यातून खर्च करतो, हिशेब ठेवतो आणि उरलेले परत करतो. मूल्यवर्धित कर आणि शेवटी कर्मचाऱ्यांना द्यायची बक्षिसी वेगळीच. करारावर सही करण्यापूर्वी रोज किती तास नौका चालवायची हे कप्तानाशी ठरवून घ्यावे, कारण इंधनाचा आकडा त्यावरच ठरतो.

इटलीत स्वतः मोटार चालवण्याचा मोह शहरांपुरता तरी आवरावा. जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीची क्षेत्रे असतात, म्हणजे तेथे परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही, तेथे कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते. अमाल्फीच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर तर चालकासह मोटार घेणेच शहाणपणाचे. टस्कनीच्या ग्रामीण भागात मात्र स्वतः चालवायची मोटार हवीच, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत लागतो.

या सर्व देशांसाठी एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेतली जाऊ लागली आहे, म्हणून उतरल्यावर लगेच सुटणारे जोडविमान घेऊ नये.

खरेदी मोठी होणार असेल, तर दुकानात पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा, म्हणजे मूल्यवर्धित कर परत मिळवण्याचा, अर्ज मागून घ्यावा. स्पेनमध्ये त्यासाठी किमान रकमेची अट नाही, इटलीत खरेदी ७० युरोंच्या वर आणि फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर असावी लागते. युरोपीय संघ सोडताना सीमाशुल्क विभागाची मंजुरी नसेल तर परतावा मिळत नाही, आणि अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात. म्हणून बॅग काउंटरवर देण्याआधी त्यांच्याकडे जावे आणि महागड्या वस्तू हातसामानात ठेवाव्यात.