गारांच्या आधी कागदांची शाकारणी: डॅलसकडच्या घरमालकांसाठी छपराच्या क्लेमची तयारी

डॅलस-फोर्ट वर्थच्या पट्ट्यात मार्च लागला की गारांचे दिवस सुरू होतात आणि जूनपर्यंत आभाळाचा भरवसा नसतो. कोकणात आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी घर शाकारून घेत. फुटकं कौल काढून नवं बसवायला कोणीतरी आढ्यापर्यंत चढायचं. इथलं छप्पर डांबरी शिंगलचं, म्हणजे एकावर एक ठोकलेल्या चपट्या तुकड्यांचं, ते दरवर्षी असं शाकारता येत नाही. शाकारायचे ते घराच्या विम्याचे कागद, आणि तेही फेब्रुवारीतच.

सगळ्यात आधी पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज काढा. बहुतेकांनी ते घर नावावर झालं त्या क्लोजिंगच्या दिवशी सह्यांच्या ढिगात पाहिलं, ते शेवटचं. त्यावर वारा आणि गारा यांचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही सोसायचा वाटा, वेगळं लिहिलेलं असतं. ते बहुधा टक्क्यांत असतं, आणि हे टक्के नुकसानीचे नसतात, घराच्या विमा रकमेचे असतात. मग छपराची भरपाई रिप्लेसमेंट कॉस्टने (नव्याच्या पूर्ण खर्चाने) आहे की अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यूने (झीज वजा करून), ते बघा. समजा घराचा विमा साडेचार लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के. म्हणजे पहिले ९,००० डॉलर तुमचे. नव्या छपराचा खर्च १८,००० धरला आणि जुन्या शिंगलची झीज म्हणून ७,००० कापले, तर पहिला चेक येतो २,००० चा. रिप्लेसमेंट कॉस्टची पॉलिसी असेल तर काम झाल्यावर कापलेले ७,००० मिळतात. कॅश व्हॅल्यूची असेल तर २,००० वर विषय संपला. आमच्या वेळी मी यातलं काहीच वाचलं नव्हतं. पहिला चेक हातात आला तेव्हा वाटलं, टाइप करताना एखादं शून्य राहिलंय.

छप्पर जुनं झालं की काही कंपन्या रिन्यूअलमध्ये रिप्लेसमेंट कॉस्टचं कॅश व्हॅल्यू करून टाकतात. तसं पत्र येतं, पण जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत जातं. म्हणून प्रीमियम वाढला नाही याचा आनंद करण्याआधी मागच्या वर्षीचं पान शेजारी ठेवून ताडून बघा. ‘कॉस्मेटिक डॅमेज’ वगळलंय का, तेही तिथेच कळेल. वगळलं असेल तर पत्र्याला नुसता पोचा आला, गळती नाही, अशा नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. टाउनहोम किंवा काँडोत राहत असाल तर छप्पर बहुधा असोसिएशनच्या पॉलिसीत असतं. त्यांचं डिडक्टिबल घरटी वाटलं गेलं तर तुमच्या पॉलिसीतून किती मिळेल, एवढं विचारून ठेवा.

त्याच आठवड्यात, निरभ्र दिवस बघून, फोटो काढा. छपरावर चढायचं नाही. चारी बाजूंनी जमिनीवरून, झूम करून. गटर म्हणजे आपली पन्हळ, गॅरेजचं दार, कुंपण, खिडक्यांच्या जाळ्या, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या, सगळं. ‘हे आधीचंच असेल’ या वाक्याला उत्तर म्हणून हेच फोटो लागतात. माळ्यावर टॉर्च घेऊन जा आणि आतून फळ्यांवर ओलीचे डाग नाहीत, याचेही फोटो ठेवा. आधीच्या मालकाने छप्पर कधी बदललं, त्याची पावती किंवा सिटीचं परमिट मिळालं तर तेही त्याच फोल्डरमध्ये.

गारा पडत असताना खिडक्यांपासून लांब राहायचं, व्हिडिओसाठी अंगणात धावायचं नाही. थांबल्यावर चार-पाच गारा उचला, शेजारी क्वार्टरचं नाणं ठेवून फोटो काढा आणि पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. क्वार्टर साधारण एक इंचाचा, आणि इथलं हवामान खातं एक इंचाच्या गारेपासूनच वादळाला ‘सिव्हिअर’ म्हणतं. बोराएवढी, लिंबाएवढी ही आपली मापं व्हॉट्सअ‍ॅपवर ठीक, क्लेममध्ये इंच लागतात. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पाणी आत येत असेल तर त्याच दिवशी ताडपत्री घालून घ्या आणि पावती ठेवा. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे तुमची जबाबदारी आहे आणि तो वाजवी खर्च क्लेममध्ये मागता येतो. फक्त मोडकं सामान फोटो काढल्याशिवाय फेकू नका. बाहेर उभ्या गाडीचं काय, असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच: ते गाडीच्या विम्यातल्या कॉम्प्रिहेन्सिव्हमधून, घराशी त्याचा संबंध नाही.

आता दारावरची बेल. चोवीस तास होत नाहीत तोच शिड्या लावलेले पिकअप गल्लीत फिरू लागतात. इस्त्रीचा पोलो शर्ट, हातात टॅब्लेट, ‘शेजारचं छप्पर आम्हीच करतोय.’ (शेजाऱ्याने त्याला पाच मिनिटांपूर्वी दारातूनच परत पाठवलं होतं.) तो टॅब्लेट पुढे करतो आणि म्हणतो, नुसती वर चढून बघायची परवानगी आहे. नीट वाचलं तर खाली लिहिलेलं असतं, विमा कंपनीने क्लेम मंजूर केला तर काम आम्हालाच. सही करू नका. बोटाने केलेली सहीसुद्धा सहीच असते. केलीच असेल तर दारात झालेल्या करारासाठी केंद्राच्या नियमाने सहसा तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात लेखी रद्द करा.

टेक्सासमध्ये रूफरला, म्हणजे छपराचं काम करणाऱ्याला, राज्याचं लायसन्स लागत नाही, त्यामुळे चौकशी तुम्हालाच करायची आहे: गावात पत्ता आहे का, लायबिलिटी विम्याचं सर्टिफिकेट दाखवतो का, दोन वर्षांपूर्वीची तीन कामं दाखवू शकतो का. आणि ‘डिडक्टिबलचं आम्ही बघून घेतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम. १ सप्टेंबर २०१९ पासून इथल्या कायद्याने डिडक्टिबल माफ करणं किंवा बिलात मुरवणं गुन्हा आहे, आणि झिजेचे कापलेले पैसे देण्याआधी तुम्ही डिडक्टिबल भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते. आपल्यातल्या काही हुशार मंडळींना हे अजून पटत नाही.

क्लेम करायचा की नाही, हे भरवशाच्या रूफरने वर जाऊन पाहिल्यावर ठरवा. दुरुस्ती ४,००० ची आणि डिडक्टिबल ९,००० चं असेल तर क्लेम करून नुसती नोंद होते. गारेचा खरा मार कसा दिसतो, हे त्याच्याकडून बघून घ्या. शिंगलवरचे दाणे उडून काळा ठिपका पडतो आणि अंगठ्याने दाबलं की तिथे मऊ लागतं, हापूसला मार लागल्यावर लागतं तसं. वाऱ्याने उचललेली शिंगल वेगळी: तिला आडवी घडी पडते आणि खालचा डिंक सुटलेला असतो.

क्लेम नोंदवला की नंबर, तारीख आणि बोललेल्या माणसाचं नाव एका वहीत. विमा कंपनीला १५ दिवसांत पोच द्यावी लागते, सगळी कागदपत्रं मिळाल्यावर १५ कामाच्या दिवसांत हो-नाही सांगावं लागतं आणि हो म्हटल्यावर ५ कामाच्या दिवसांत पैसे. मोठ्या आपत्तीनंतर मुदत वाढते.

अ‍ॅडजस्टर (नुकसान बघायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस) येईल त्या दिवशी सुट्टी घ्या आणि रूफरलाही बोलवा. मोठ्या वादळानंतर हा माणूस बहुधा दुसऱ्या राज्यातून आलेला, दिवसाची पाच-सहा घरं करून थकलेला असतो. पाणी विचारा, पण मागे मागे फिरू नका. तो प्रत्येक उतारावर खडूने १० बाय १० फुटांचा चौकोन आखतो आणि त्यातले मार मोजतो. या १०० चौरस फुटांनाच रूफर ‘एक स्क्वेअर’ म्हणतात, आणि एस्टिमेट त्याच हिशेबात येतं. व्हेंटच्या पत्र्यावरचे पोचे, पन्हळ, एसी, जाळ्या, कुंपण हे तो विसरला तर तुम्ही दाखवा. रूफरने फक्त बांधकामाचं बोलावं. तुमच्या वतीने रकमेची घासाघीस करायला पब्लिक अ‍ॅडजस्टरचं लायसन्स लागतं, आणि ज्या छपराचं काम करायचं त्याच्यासाठी रूफरला ती भूमिका घेता येत नाही.

एस्टिमेट आलं की ओळ न् ओळ वाचा. शिंगलचे स्क्वेअर बहुधा बरोबर असतात. राहतात त्या बारक्या गोष्टी, स्टार्टर पट्टी, ड्रिप एज, पाइपभोवतीचे बूट, चिमणीचं फ्लॅशिंग, सोलर पॅनेल काढून परत बसवणं. राहिलेलं रूफर सप्लिमेंट म्हणून पाठवतो. जुनं छप्पर उचकटल्यावर खाली कुजलेली फळी निघाली तर तेव्हाही फोटो काढून सप्लिमेंट मागता येतं, मात्र नवी फळी ठोकण्याआधी.

चेकवर बहुधा मॉर्गेज कंपनीचंही नाव असतं. त्यांच्या सहीशिवाय तो बँकेत भरायला जाल तर परत येईल. आधी त्यांच्या लॉस ड्राफ्ट (विम्याचे चेक बघणाऱ्या) विभागाला फोन करून त्यांचे फॉर्म मागवा. काही जण पैसे स्वतःकडे ठेवून कामाप्रमाणे हप्त्याने देतात. हे रूफरला आधीच सांगा, म्हणजे तो सगळी रक्कम आगाऊ मागणार नाही. मागितली तर दुसरा बघा.

शिंगल निवडताना क्लास ४ चा, म्हणजे मार सोसण्यात वरच्या दर्जाच्या शिंगलचा, भाव नक्की विचारा. चाचणीत त्यावर २ इंचाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि तडा जाता कामा नये. टेक्सासमध्ये त्यावर प्रीमियममध्ये सवलत मिळू शकते. त्यासाठी रूफरच्या सहीचा फॉर्म एजंटकडे पाठवावा लागतो. एचओएची (कॉलनीतल्या घरमालकांच्या संघाची) रंगाची मंजुरी आणि सिटीचं परमिट काम सुरू व्हायच्या आधी.

कामाच्या आदल्या रात्री गाड्या रस्त्यावर लावा, नाहीतर ड्राइव्हवेत डंपस्टर येऊन अडकाल. माळ्यावर गणपतीचं मखर ठेवलं असेल तर त्यावर चादर टाका, वरून डांबराचा भुगा पडतो. भिंतीवरच्या तसबिरी उतरवा. दिवसभर ठोकाठोक चालते आणि आमच्या देवघरातला विठोबा दुपारी दोनला खाली आला होता. संध्याकाळी लोहचुंबकाचा रोलर अंगणात, लॉनवर आणि शेजाऱ्याच्या कडेला दोनदा फिरवून घ्या, मगच शेवटचं पेमेंट.

मग अंतिम बिल, डिडक्टिबल भरल्याचा कार्ड स्टेटमेंटचा किंवा वटलेल्या चेकचा कागद आणि नव्या छपराचे फोटो कंपनीला पाठवा, झिजेचे पैसे मागा. यालाही पॉलिसीत मुदत असते, कॅलेंडरवर लिहा. उरलेल्या शिंगलचा एक गठ्ठा रूफरकडून मागून गॅरेजमध्ये ठेवा आणि त्यावर मार्करने कंपनी, रंग आणि तारीख लिहा.