गोधडी पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

एकच जोड दोनदा उसवून झाला आणि तरी जुळत नसेल, तर तिसऱ्यांदा उसवू नका. दर खेपेला कापडाच्या कडेचे धागे निघतात, आतली माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, झिजते, आणि मग कितीही सांभाळून शिवलं तरी तो तुकडा बसत नाही. तो काढून नवीन कापा. पाच इंच कापड गेलं तर जाऊ द्या, तुमची संध्याकाळ त्याहून मोलाची आहे.

खरा वैताग येतो तो चूक भलत्याच जागी शोधल्यामुळे. ओळी जुळत नाहीत हे शेवटी दिसतं, पण बिघाड बहुतेक वेळा कापण्यात नाहीतर पहिल्या शिवणीत झालेला असतो. पाच इंचांचे आठ चौकोन पाव इंच, म्हणजे दोन सूत, माया ठेवून जोडले, तर कडेची माया धरून ओळ साडेछत्तीस इंच भरायला हवी. माया अर्धा सूत जास्त गेली तर दर जोडाला दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत कमी होतं. सात जोडांत सात सूत, म्हणजे जवळजवळ इंचभर. शेजारची ओळ नीट शिवली गेली असेल तर या दोन ओळी जुळणार तरी कशा?

म्हणून आधी मशीन तपासा. त्याच कापडाच्या दीड इंच रुंद तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर 1 इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जाते आहे. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून शिवा. इस्त्री कापडावर फिरवू नका, टेकवा आणि उचला. तिरक्या कापलेल्या तुकड्यावर इस्त्री ओढली की तो हमखास ताणला जातो. एका ओळीची माया डावीकडे दाबा, खालच्या ओळीची उजवीकडे, म्हणजे चार कोपरे जिथे मिळतात तिथे जोड एकमेकांत अडकून बसतात. तरीही चौकोनामागे सूतभर फरक उरलाच, तर दोन्ही टोकं आणि मध्य टाचून घ्या व लांब बाजू खाली ठेवून शिवा. मशीनचे दाते खालचं कापड जास्त ओढतात, तेवढा फरक त्यात मुरतो.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबिनच्या स्क्रूला हात लावू नका. गडबड बहुधा वरच्या दोऱ्यात असते. दाबपट्टी, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरत नाही. दाबपट्टी उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर सुई बदला: जोडकामाला, म्हणजे तुकडे एकमेकांना जोडताना, 11 किंवा 14 नंबर, तिन्ही थर (अस्तर, कापूस, जोडकाम) एकत्र शिवताना 14.

गोव्यात जून ते सप्टेंबर या कामाची कसोटीच असते. हवेतल्या ओलीने सुई गंजते, गंजकी सुई धागे ओढते. लोखंडी टाचण्या रात्रभर कापडात राहिल्या तर तांबूस डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. कापूस दमट असेल तर आत भरू नका, उघडीप मिळाली की उन्हात घाला. अर्धवट काम प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: ‘चौथी ओळ, उजवीकडून जोडायची’. चार दिवसांनी हात घालताना ही चिठ्ठी फार उपयोगी पडते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं सुती कापड कापण्याआधी धुवा. पहिल्या धुण्यात ते तीन टक्के आटलं तरी छत्तीस इंचांमागे इंचभर जातं. कुणबी साडीचा तांबडा तुकडा पांढऱ्याशेजारी लावायचा असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर घासून बघा. रंग उतरला तर पाणी नितळ येईपर्यंत वेगळा धुवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबू नका.

अस्तराला वळ्या पडत असतील तर कारण बहुधा धावदोरा, म्हणजे थर धरून ठेवणारे लांब कच्चे टाके, विरळ असणं. अस्तर चारी बाजूंनी तीन इंच मोठं घ्या, फरशीवर ताणून चिकटपट्टीने पक्कं करा, वर कापूस, त्यावर जोडकाम. मग मधून कडेकडे दर चार इंचांवर धावदोरा घाला. शिवतानाही मधूनच सुरुवात करा, टाका तीन मिलिमीटरचा ठेवा.

यातलं सगळं करूनही ओळी जुळल्याच नाहीत, तर ते तुकडे कवंदीला, म्हणजे हाताने तुकडे लावत केलेल्या गोधडीला, वापरा. सीमेपलीकडे कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका ती शिवतात. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज त्या समाजात बरेच आहेत. जुनी साडी पसरून एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडायची, हाताने धावदोरा घालत चारी काठांनी गोल फिरत मध्याकडे यायचं. काठ आधीच पक्के झालेले असतात, प्रत्येक तुकडा लावतानाच सपाट बसवला जातो, त्यामुळे दोन ओळी जुळवायचा प्रश्नच येत नाही. चौकोन वाकडे असले तरी चालतात, फक्त दुमडायला पाव इंच कड शिल्लक हवी. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी, फुला, लावायची.